‘खरा मित्र कसा असावा?’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नका

एका शिक्षिकेने विचारलं आहे: सेमी-इंग्रजी शाळा, सहावीचा वर्ग, ४२ मुलं. अवांतर वाचनासाठी ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ ही कादंबरी घेतली आहे. विल्बर नावाच्या डुकराला मारलं जाऊ नये म्हणून शार्लट हा कोळी आपल्या जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणतो, त्याची ही गोष्ट. आठवड्याला दोन तास, सात आठवडे. सुरुवातीला ‘खरा मित्र कसा असावा?’ यावर चर्चा घेतली, मैत्रीवर पोस्टर करून घेतलं, मित्राला पत्र लिहायला सांगितलं. पत्रं ४२ आली, पण मजकूर एकच: संकटात मदत करतो तोच खरा मित्र. आता पुढे काय उपक्रम घेऊ? शेवटी शार्लट मरते, ते कसं हाताळू? आणि डुक्कर म्हटलं की मुलं फिदीफिदी हसतात, त्याचं काय करू?

मी १९ वर्षं शिकवते आहे आणि हे पुस्तक वेगवेगळ्या इयत्तांना घेऊन झालं आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडेही अशीच पत्रं आली होती. मुलांना मतं नाहीत असा निष्कर्ष काढून मी तेव्हा मोकळी झाले होते. पुढच्या वर्षी लक्षात आलं की मुलांनी माझ्या प्रश्नाला अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. परिपाठाला रोज सुविचार ऐकणाऱ्या मुलांना आपण सुविचाराच्या मापाचा प्रश्न शिवून देतो आणि मग त्यांनी सुविचारच घातला म्हणून वैतागतो. तेव्हा तुमची अडचण उपक्रम कमी पडण्याची नाही. सुविचाराने भागणार नाही असा प्रश्न विचारणं, ही खरी अडचण आहे.

माझा उपाय जरा हट्टी आहे. पहिले पाच आठवडे मी स्वतः ‘मैत्री’ हा शब्द प्रश्नात वापरत नाही. कोणी काय केलं, कधी केलं, त्यात कोणाचं काय गेलं, एवढंच विचारते. दुसरा नियम मुलांसाठी: प्रत्येक उत्तरानंतर वर्गातलं कोणीही ‘कुठे लिहिलंय?’ असं विचारू शकतं, आणि उत्तर देणाऱ्याला पान काढून दाखवावं लागतं. दुसऱ्या आठवड्यापासून हा प्रश्न मी विचारायची गरजच उरत नाही. मुलं एकमेकांवर तुटून पडतात.

काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. पुस्तकाच्या किती प्रती आहेत, मुलांचं इंग्रजी कसं आहे, वर्गात नुकतंच कोणाच्या घरी काही घडलं आहे का, यावर बरंच बदलेल. आमच्याकडे चारच प्रती होत्या. त्यामुळे वाचन बहुतेक मीच मोठ्याने केलं आणि प्रती गटांकडे ‘पुरावा शोधायला’ फिरत राहिल्या. भाषेचं म्हणाल तर वाचन इंग्रजीत, भांडण मराठीत. चर्चा इंग्रजीतच करा असा आग्रह धरलात तर वर्गातली पाच मुलं बोलतील आणि ३७ मुलं खिडकीबाहेर बघतील. कोणी वरिष्ठ तासाला येऊन बसणार असतील तर त्यांना हे आधी समजावून ठेवा.

२२ प्रकरणं १४ तासांत शब्दशः वाचून होत नाहीत आणि वाचायची गरजही नाही. पहिलं, चौथं, पाचवं, सातवं, अकरावं, एकविसावं आणि बाविसावं मी पूर्ण वाचते. बाकीच्यांतले तुकडे वाचते आणि मधलं तोंडी सांगते. विल्बर कुंपणातून पळतो ते तिसरं प्रकरण एका मुलाने हातवारे करून सांगितलं तर जास्त रंगतं.

आता डुकराचं बघू, कारण ते पहिल्याच तासाला येतं. हसण्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका. आपल्याकडे ‘डुक्कर’ ही शिवी आहे. काही मुलांच्या घरी तो प्राणी धर्माने निषिद्ध आहे, आणि डुकरं पाळणारी काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून हिणवली गेली आहेत. तुमच्या वर्गात यातलं कोण बसलंय हे हजेरीपट बघून नेहमी कळत नाही. म्हणून ‘कोणाच्या वस्तीत डुकरं आहेत?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तो मी एकदा विचारला होता. एका मुलाने वर केलेला हात अर्ध्यातच खाली घेतला, तो मला अजून दिसतो. आता मी सुरुवातीलाच सांगून टाकते: या गोष्टीत डुक्कर हे एका पात्राचं शरीर आहे, नाव विल्बर आहे, आणि आपण त्याला नावाने हाक मारायची. पालकांनाही आधी दोन ओळींची चिठ्ठी जाते. आजवर फक्त एका पालकांनी येऊन विचारलं. मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं, त्यांनी ते वाचून परत आणून दिलं, विषय संपला.

कोळ्याबद्दलही एक गंमत आहे. मराठीत ‘कोळीण’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर आधी टोपली घेतलेली मासेवाली येते. वर्गात दोन मिनिटं हसून घ्या आणि पुढे ‘शार्लट’ एवढंच म्हणा.

पहिलं प्रकरण वाचताना मी एकाच गोष्टीपाशी थांबते. वडील हातात कुऱ्हाड घेऊन निघालेत, कारण रात्री झालेल्या पिल्लांपैकी एक मरतुकडं आहे. आठ वर्षांची फर्न त्यांना अडवते आणि विचारते, की मी जन्मतः लहानखुरी असते तर मलाही मारलं असतं का? मुलं लगेच फर्नच्या बाजूने होतात. मग मी त्यांना स्वयंपाकघराचं वर्णन परत वाचायला लावते. खोलीत कॉफीचा वास आहे, लाकडाच्या धुराचा आहे आणि बेकनचाही आहे. बेकन म्हणजे काय ते सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. एका पिल्लासाठी रडणाऱ्या मुलीच्या घरी नाश्त्याला दुसरं डुक्कर शिजतंय. लेखकाने यावर एका शब्दाची टिप्पणी केलेली नाही. तुम्हीही करू नका. पुस्तक शाकाहाराचं नाही आणि मांसाहाराचंही नाही. इथे शिक्षकाने बाजू घेतली की निम्मी मुलं घरच्या बाजूने बोलायला लागतात आणि कादंबरी राहते बाजूला.

ग्रामीण भागात शिकवत असाल तर इथे मुलं आपणहून बोलतात. आमच्या एका विद्यार्थ्याने गावच्या जत्रेसाठी वर्षभर वाढवलेल्या बोकडाची गोष्ट सांगितली. त्याला रोज पाला हाच घालायचा. जत्रेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि जेवला नाही. ‘पोट खरंच दुखत होतं का?’ असं एकाने विचारलं. तो म्हणाला, ‘थोडं.’ यावर मी काहीही बोलले नाही. सातव्या प्रकरणात म्हातारी मेंढी विल्बरला सांगते, की नाताळच्या सुमाराला तुला मारणार आहेत. तेव्हा सगळ्या वर्गाने त्या मुलाकडे पाहिलं.

चौथं प्रकरण उपक्रमासाठी फार सोयीचं आहे. विल्बरने दिवसभराचं तासातासाचं वेळापत्रक मनाशी आखलेलं असतं आणि सकाळी उठून बघतो तर पाऊस. मी मुलांना येत्या रविवारचं वेळापत्रक लिहायला लावते. लिहून झालं की सांगते: पाऊस लागला, लाईट गेली, मोबाईलची बॅटरी संपली. आता काय उरलं ते ठेवा, बाकीचं खोडा. बहुतेकांच्या कागदावर ‘जेवण’ आणि ‘झोप’ उरतं. पाच-सहा जणांच्या कागदावर एखाद्या माणसाचं नाव उरतं. कागद गोळा करू नका, वाचूनही दाखवायला लावू नका. त्यांनी ते पाहिलं, पुरे झालं.

त्याच प्रकरणात विल्बर तिघांना खेळायला बोलावतो आणि तिघंही नकार देतात. हंसीण अंड्यांवर बसली आहे, तिला उठता येत नाही. कोकरू म्हणतं, मला डुकरांत मुळीच रस नाही. टेंपलटन उंदीर म्हणतो, खेळ म्हणजे काय हेच मला नीट माहीत नाही, मी खातो, कुरतडतो, लपतो. हे तीन नकार फळ्यावर लिहा आणि एकच विचारा: सगळ्यात जास्त कुठला लागला असेल? मला वाटलं होतं सगळे कोकराचं नाव घेतील. एका मुलीने हंसिणीचं घेतलं. म्हणाली, ‘कोकरावर चिडता तरी येतं. हंसिणीवर चिडताही येत नाही, कारण तिचं बरोबर आहे.’ तिच्या घरी तेव्हा धाकटं भावंड झालं होतं, हे मला नंतर कळलं. ‘खरा मित्र कसा असावा?’ या प्रश्नाला हीच मुलगी काय उत्तर देते ते तुम्ही पत्रात वाचलेलंच आहे.

पाचव्या प्रकरणात शार्लट दिसते, आणि दिसते तीच माशीला गुंडाळताना. ती किड्यांचं रक्त पिते हे ऐकून विल्बर हादरतो. आपल्याला न आवडणारं सगळं हिच्यात आहे, मग ही आपल्याला आवडायची कशी, असा त्याला प्रश्न पडतो. शार्लट माफी मागत नाही. ती म्हणते, माझा जन्मच असा आहे, मला पोट भरायचं आहे, आणि मी किडे खाल्ले नाहीत तर ते इतके वाढतील की तुम्हालाच जगणं अवघड होईल. इथे मी वर्गातली बाकं सरकवून ‘भिंत ते भिंत’ घेते. एक भिंत म्हणजे ‘शार्लटचं पटतं’, समोरची म्हणजे ‘पटत नाही’, आणि मुलांनी आपल्या मताच्या जागी जाऊन उभं राहायचं. कोणाचं ऐकून मत बदललं तर चालत जायचं, कारण मात्र सांगायचं. ४२ मुलांना एकदम उभं केलंत तर गोंधळ होईल. २० जणांना उभं करा, बाकीच्यांनी कोण कधी हललं ते टिपून ठेवायचं. पुढच्या तासाला बाजू बदला.

आता ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते तो उपक्रम. आम्ही त्याला ‘उधारीची वही’ म्हणतो. किराणा दुकानात असते तशी लांबट वही, गटागटाला एक. डाव्या पानावर शार्लटने विल्बरसाठी काय केलं आणि त्यात तिचं काय खर्च झालं, उजव्या पानावर विल्बरने शार्लटसाठी काय केलं. प्रत्येक प्रकरणानंतर पाच मिनिटं नोंद. डावं पान भराभर भरतं: वाचवायचं वचन दिलं, रात्रभर जागून जाळ्यात शब्द विणले, तेही चार वेळा, झोपवायला गाणं म्हटलं, धीर दिला, अंडी घालायची वेळ जवळ आलेली असूनही त्याच्याबरोबर जत्रेला गेली. उजवं पान कोरंच राहतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलं अस्वस्थ व्हायला लागतात. काही गट ओढूनताणून नोंदी घालतात: ‘तिचं ऐकलं’, ‘तिच्या गोष्टी ऐकल्या’, ‘शब्दाला शोभेल असं वागला’. मग दुसरा गट विचारतो, ऐकणं ही काय मदत झाली? माझ्या अनुभवात चर्चा खऱ्या अर्थाने इथे सुरू होते. एका मुलाने वही आपटून सांगितलं, ‘ही मैत्रीच नाही, ही त्याची आई आहे.’ पुढचा पूर्ण तास त्यावर गेला. मी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं.

विल्बरलाही हा प्रश्न पडतोच. एकविसाव्या प्रकरणात तो विचारतो, की मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही, मग तू हे सगळं का केलंस? शार्लटचं उत्तर दोन भागांत आहे. तू माझा मित्र झालास हेच खूप आहे, असं ती म्हणते. पण पुढे असंही म्हणते की माश्या पकडून खाण्यात गेलेलं माझं आयुष्य तुला मदत करून मी कदाचित थोडं वर उचलत होते. मुलांना पहिला भाग लगेच आवडतो, कारण तो सुविचारासारखा आहे. दुसऱ्या भागापाशी त्यांना थांबवा. म्हणजे शार्लटलाही काहीतरी मिळालं का? मग ते डाव्या पानावर लिहायचं की उजव्या? आमच्या एका गटाने वहीच्या मधल्या शिवणीवर लिहिलं.

शब्दांचे उपक्रम या पुस्तकात आयते मिळतात, पण ते जपून करायचे असतात. शार्लट जाळ्यात जे पहिले दोन शब्द विणते त्यांचा अर्थ शब्दकोशात बघून कळत नाही. ‘सम पिग’. ‘सम’ म्हणजे ‘काही’ एवढंच मुलांना माहीत. इथे तो कौतुकाचा आहे. मराठीत कसं म्हणाल, असं विचारलं की मजा येते: ‘काय डुक्कर आहे!’, ‘वा रे डुकरा!’, ‘डुक्कर असावं तर असं’, आणि मागच्या बाकावरून ‘नाद नाय करायचा’. मग अट घाला: जाळ्यात जागा कमी आहे, शार्लट रात्रभर विणून दमते, दोनच शब्द. ‘नाद नाय करायचा’ बाद होतं. चौथ्या वेळी विणते तो शब्द ‘हंबल’. शार्लट त्याचे दोन अर्थ सांगते, गर्व नसलेला आणि जमिनीलगतचा. आपल्या ‘नम्र’मध्येही वाकणं आहेच, ‘नम्’ धातूच वाकण्याचा. हे मुलांना संस्कृतच्या बाईंकडून ऐकवा, दोन विषय जोडल्याचं समाधानही मिळेल.

टेंपलटन शब्द आणतो कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून. एक शब्द साबणाच्या खोक्यावरचा निघतो. मुलांना घरातली रिकामी पाकिटं, खोकी, वर्तमानपत्राचे तुकडे आणायला सांगा आणि जाळ्यात विणण्यालायक शब्द कापून काढायला लावा. कुरकुरीत, अस्सल, १००% शुद्ध, सोबत मोफत. यातला कुठला विल्बरला वाचवेल? इथून जाहिरातीवर, आणि छापलेलं दिसलं की लोक विश्वास ठेवतात या शार्लटच्या निरीक्षणावर बोलणं आपसूक जातं. आजी-आजोबांच्या मोबाईलवर येणाऱ्या फॉरवर्डची उदाहरणं मुलं स्वतःच देतात. गोष्टीतले डॉक्टर डोरियन म्हणतात, जाळ्यातल्या शब्दांना सगळे चमत्कार म्हणतात, मुळात जाळं हाच चमत्कार आहे हे कोणी म्हणत नाही. त्या दिवशी वर्ग बाहेर न्या. पावसाळ्याच्या अखेरीला शाळेच्या कुंपणाशी, झुडपांत सिग्नेचर स्पायडर सापडतो. जाळ्याच्या मध्यावर तो पांढऱ्या नागमोडी रेघांनी फुलीसारखी खूण करतो, पायही जोडीजोडीने फुलीत ठेवून बसतो. सही करणारा कोळी आपल्याच कुंपणावर बघितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हात लावायचा नाही, जाळं मोडायचं नाही, फक्त बाटलीने बारीक पाणी फवारायचं. अकराव्या प्रकरणातली धुक्याची सकाळ दिसते.

जपून करायचा तो हा उपक्रम: चिठ्ठ्या टाकून वर्गमित्राचं नाव काढायचं आणि त्याच्यासाठी जाळ्यात एक शब्द लिहायचा. बहुतेक शिक्षक करतात. पहिल्यांदा केला तेव्हा मीही खूश होते. भिंतभर जाळी लावली. मधल्या सुट्टीत एक मुलगी आपल्या जाळ्यापाशी रडताना सापडली. शब्द होता ‘शांत’. मी म्हटलं, अगं चांगलाच शब्द आहे. ती म्हणाली, ‘सगळे हेच म्हणतात. कोणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून मी शांत.’ जिने लिहिलं होतं तिने दोन मिनिटांत, काही न आठवून, सुचलेला शब्द टाकला होता. आता चिठ्ठी निघाल्यावर मुलांना दहा दिवस देते. शब्दामागे तुम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग हवा, तोही जाळ्याच्या मागे लिहायचा. शार्लटने विल्बरला बघून मग शब्द निवडले, आपणही तसंच. रूप, रंग, अंगकाठी यांवरचे शब्द चालत नाहीत. तरीही भिंतीवर लावण्याआधी एकेक जाळं मी स्वतः वाचते. वर्गात कोणी एकटं पडलेलं असेल तर त्याच्या नावाची चिठ्ठी कोणाकडे जाईल हे मी नशिबावर सोडत नाही. लबाडी करते.

टेंपलटनचा खटला हा मुलांचा सगळ्यात लाडका तास. आरोप: स्वार्थासाठी मदत करून मित्र असल्याचा आव आणला. एक न्यायाधीश, दोन्हीकडे तीन-तीन वकील, साक्षीदार म्हणून मेंढी, हंसीण आणि विल्बर. तयारीला एक आठवडा, आणि नियम तोच, कुठे लिहिलंय? टेंपलटन मोबदल्याशिवाय हलत नाही. शब्द आणायला तयार होतो तो विल्बरच्या उष्ट्यावर त्याचं पोट अवलंबून आहे हे मेंढी त्याला पटवते म्हणून. शेवटी शार्लटच्या अंड्यांची पिशवी काढून आणतो तीही विल्बरने ‘माझ्या जेवणातलं आधी तू खा’ असं कबूल केल्यावर. पण तो नसता तर शेवटचे दोन शब्द नसते आणि ती ५१४ अंडीही जत्रेच्या मैदानातच राहिली असती. गेल्या वेळी बचावाच्या वकिलाने विचारलं, ‘रिक्षावाला मीटरने पैसे घेतो, म्हणून त्याने पोचवलं नाही असं होतं का?’ आणि मग, ‘टेंपलटनने मित्र असल्याचा आव आणलाच कुठे? तो आधी भाव सांगतो.’ कुठे लिहिलंय असं विचारायची पाळी फिर्यादीवर आली आणि त्यांना पान सापडलं नाही. खटला तिथेच निकालात निघाला.

आता शार्लटच्या मृत्यूबद्दल. तुमच्या तीन प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि यावर उपक्रम कमीत कमी. एकविसाव्या प्रकरणाआधी वर्गशिक्षकांकडून माहिती घ्या. वर्षभरात कोणाच्या घरी कोणी गेलं असेल तर त्या मुलाला एकट्याला गाठून सांगा: उद्याच्या भागात शार्लट मरते, तुला ऐकायचं नसेल तर ग्रंथालयात बस, ऐकायचं असेल तर माझ्याजवळच्या बाकावर ये. कोरोनानंतरच्या वर्षी मी तिघांना असं सांगितलं. तिघंही वर्गात बसली. मृत्यू टाळायची त्यांची इच्छा नव्हती, अचानक अंगावर येऊ नये एवढीच होती. तास शक्यतो सकाळचा घ्या, सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा तास नको. मुलांना दिवसभर एकमेकांबरोबर असू द्या.

वाचताना मध्ये थांबून ‘विल्बरला काय वाटलं असेल?’ वगैरे विचारू नका. विल्बर अंड्यांची पिशवी जिभेवर ठेवून नेतो, त्यामुळे त्याला निरोपाचं बोलताही येत नाही. पेटीत ढकललं जाताना तो शार्लटकडे बघून डोळा मिचकावतो, बस. दुसऱ्या दिवशी जत्रा उठते, माणसं पाळणे उतरवत असतात, आणि ती मरते तेव्हा तिच्याजवळ कोणी नसतं. तुमचा आवाज अडकला तर अडकू द्या. लेखकाने स्वतःच्या आवाजात हे पुस्तक रेकॉर्ड केलं तेव्हा त्यालाही हा भाग नीट वाचून होईना, पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि पाच मिनिटं काहीही सांगू नका. मुलं ‘विल्बर तिच्याजवळ थांबला का नाही?’ असं रागाने विचारतील. उत्तर देऊ नका, वहीचं उजवं पान त्यांच्यापुढे सरकवा. आमच्या सगळ्या गटांनी तिथे पहिली मोठी नोंद केली.

लेखकाची माहिती मी याच्या पुढच्या तासाला देते, आधी नाही. व्हाइट अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतावर राहत. त्यांनी पाळलेलं एक डुक्कर आजारी पडलं, खूप करूनही वाचलं नाही, आणि त्यावर त्यांनी लिहिलेला लेख १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या गोठ्यात एका कोळ्याने केलेली अंड्यांची पिशवी त्यांनी न्यूयॉर्कला नेली आणि पिल्लं तिथे, त्यांच्या खोलीतल्या कपाटावर बाहेर पडली. कादंबरी आली १९५२ मध्ये. यातून निष्कर्ष काढण्याचं काम मुलांचं. एकाने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘एक मेलं म्हणून एक वाचवलं.’

फर्नबद्दल थोडं, कारण सहावीत ती सगळ्यात अवघड जागा आहे. जिने पिल्लू वाचवलं तीच जत्रेत हेन्री फसी या मुलाबरोबर आकाशपाळण्यात बसायला धावते, आणि विल्बरला बक्षीस मिळतं त्या वेळीही तिचं लक्ष पाळण्याकडेच असतं. मुलं फर्नवर टेंपलटनपेक्षा जास्त चिडतात. सहावीत मैत्रिणी बदलतात, बाकं बदलतात, वर्गात या आठवड्यात कोणीतरी फर्न असते आणि कोणीतरी विल्बर. म्हणून इथे तोंडी चर्चा मी घेत नाही. ‘फर्नची बाजू’ किंवा ‘फर्नला प्रश्न’ यांपैकी एक लिहायचं, घडी घालून स्वतःच्याच दप्तरात ठेवायचं. गुण नाहीत.

गुणांचा विषय निघालाच आहे तर, आकारिक मूल्यमापनात मी उधारीची वही आणि खटला हे दोनच धरते. मत काय आहे याला गुण नाहीत, पान दाखवलं याला आहेत. पोस्टर भिंतीला हवंच असेल तर पहिल्या आठवड्यातलं तुमच्याकडे आहेच. ते फाडू नका. सातव्या आठवड्यात तेच काढून मुलांपुढे ठेवा आणि त्यावर ‘कुठे लिहिलंय?’ लावायला सांगा.

बाविसावं प्रकरण शेवटच्या तासाला घ्या आणि तो तास जोडून मागून घ्या. पिल्लं बाहेर येतात, रेशमाचे धागे सोडून वाऱ्यावर उडून जातात, विल्बर रडतो, आणि तीन पिल्लं त्याच्या दारात राहतात. पुढे पिढ्या येत राहतात, पण शार्लटची जागा कोणी घेत नाही. वहीच्या उजव्या पानाची बेरीज आता करायची का, असं मुलं विचारतील. आमच्या वर्गाने दोनदा ‘करायची’ म्हणून मतदान केलं, मग बेरीज कशी करायची यावर भांडण झालं, रात्रभर जागण्याची किंमत जास्त की पिशवी जिभेवर धरून आणण्याची. घंटा झाली. पुढचा तास गणिताचा होता. सर दारात उभे राहून ऐकत होते, आत आले आणि म्हणाले, चालू द्या, मीही बघतो कशी करताय. तुमच्याकडे असे सर नसतील तर पुढच्या तासाला कोण आहे ते बघून आधीच बोलून ठेवा.